निकालाआधीचा निरोप

न्यायालयाचा निकाल गुरुवारी लागायचा होता. चर्चच्या तळघरात मार्लाच्या निरोपाचं जेवण मात्र रविवारीच उरकलं. नेब्रास्कातल्या त्या गावात कुणी गाव सोडणार म्हटलं की घराघरातून एकेक पदार्थ येतो. ही रीत कुणी मोडत नाही. शेजारच्या इर्माबाईंनी केक आणला. त्यावर साखरेनं लिहिलं होतं, 'मार्ला, टेसा, ऑरेगनला सुखरूप जा.'

"अहो, अजून परवानगी कुठे मिळालीय?" मार्ला म्हणाली.

"मिळेल गं! आईला कोण अडवतंय? तुझ्या ड्वेनला साधं अंडं उकडता येत नाही, तो पोर काय सांभाळणार?" इर्माबाई म्हणाल्या. सगळे हसले. मार्लाही हसली.

ऑरेगनला तिचा भाऊ होता. त्यानं तिथल्या दवाखान्यात तिच्यासाठी नोकरी पाहून ठेवली होती. ड्वेनशी घटस्फोट अजून व्हायचा होता, आणि तोवर आठ वर्षांच्या लेकीला, टेसाला, राज्याबाहेर न्यायचं तर न्यायाधीशांची परवानगी हवी होती. थांबा, असं वकिलानं बजावलं होतं. पण घरमालकाला नवे भाडेकरू मिळाले, आणि बाजारात तुरी असतानाच मार्लानं घर सोडलं. इथली नोकरीही सोडली.

गुरुवारी ड्वेनच्या वकिलानं केकचा फोटो न्यायाधीशांपुढे ठेवला. कुणीतरी मायेनंच तो फेसबुकवर टाकला होता.

"आमच्या परवानगीची बाईंना गरज वाटलेली दिसत नाही," न्यायाधीश म्हणाल्या. आईनं हवं तर जावं. घटस्फोट होईपर्यंत मुलगी इथेच राहील.

बाहेर ड्वेन टोपी हातात घेऊन उभा होता. "मार्ल, टेसा तिकडे गेली असती तर मला वर्षातून दोनदाच दिसली असती गं."

"जिंकलास ना? मग आता बोलू नकोस."

इर्माबाईंच्या गाडीतून टेसा उतरली. "मॉम, कधी निघायचं?"

"नाही निघायचं."

"तूपण नाही?"

"मीपण नाही."

टेसानं थोडा विचार केला. "मग आज झोपायचं कुठे?"

"माझ्याकडे सोफा आहे," इर्माबाई खाली बघत म्हणाल्या.

"माझ्याकडे तिची खोली आहे तशीच आहे," ड्वेन हळूच म्हणाला.

एका सोफ्यावर दोघी मावल्या नसत्या असं नाही. पण टेसाला सकाळी शाळा होती. मार्लानं तिला ड्वेनच्या ट्रकमध्ये बसवलं, पट्टा लावला.

"तू म्हणाली होतीस, आपण दोघी एकत्र राहणार."

"म्हणाले होते."

पोरीची बोटं मध्ये नाहीत हे पाहून तिनं दार लावलं.