ताडून पाहिले

“बाई, मारा की शिक्का! शाई वाळली का?” अध्यक्ष म्हणाले. सभागृह हसलं.

बाई हसल्या नाहीत. एकतीस वर्षं त्या नगरपालिकेत टायपिस्ट होत्या. प्रत्येक ठराव दोन भाषांत निघायचा. बाई ओळीवर बोट ठेवून दोन्ही प्रती ताडायच्या आणि ‘ताडून पाहिले’ असा शिक्का मारायच्या. मतदान त्यानंतर. पूर्वीचे एक अध्यक्ष जेमतेम सही करायचे, पण शिक्का दिसल्याशिवाय हात वर करायचे नाहीत. हे नवे अध्यक्ष फाडफाड इंग्रजी बोलत. सदस्य माना डोलवत. कळलं नाही, असं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

आज आपल्या भाषेतली प्रत एकच पान होती: जुन्या मंडईची दुरुस्ती. इंग्रजी प्रत चाळीस पानी, तीही सभेआधी दहा मिनिटं हातात पडलेली. छप्पर शाकारायला चाळीस पानं? बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

मंडईत त्यांची भावजय शिलाई मशीन घेऊन बसायची. सकाळीच तिनं विचारलं होतं, “वन्सं, दुरुस्तीनंतर गाळा मलाच ना?”

“तुलाच गं! दुसऱ्या कोणाला?” बाई बोलून गेल्या होत्या.

सत्ताविसाव्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

“साहेब, हे जुळत नाही.”

“टेक्निकल भाषा असते ती. आठवड्यानं निवृत्त होताय, सुखानं व्हा.”

बाई उभ्या राहिल्या. “इथं लिहिलंय, दुरुस्तीनंतर जुन्या गाळेवाल्यांचा हक्क राहणार नाही.”

एक म्हातारे सदस्य चष्मा पुसत म्हणाले, “असं आहे होय? मला वाटलं, मला एकट्यालाच कळत नाहीये.”

ठराव पुढच्या सभेवर ढकलला. अध्यक्ष बाईंकडे बघून गोड हसले. त्या हसण्याचीच बाईंना धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर शिक्का नव्हता. त्याच्या जागी जांभळा डाग आणि एक चिठ्ठी होती: यापुढे प्रती अध्यक्षांच्या दालनात ताडल्या जातील.

संध्याकाळी बाई मंडईत गेल्या. मशीन चालवता चालवताच भावजयीनं विचारलं, “काय वन्सं, गाळा मलाच ना?”

बाई या वेळी ‘तुलाच’ म्हणाल्या नाहीत. डब्याच्या पिशवीतून त्यांनी हातानं उतरवून घेतलेलं सत्ताविसावं पान काढलं, आणि मशीन थांबायची वाट बघत उभ्या राहिल्या.