शेगडीपाशी बसलेले दोघे

मित्रांनो, मी एक जुने चित्र आहे. मला कुणी भिंतीवर टांगले नाही. जाड पुठ्ठ्यावर चिकटवून ट्रॉम्सो नावाच्या बंदरगावातल्या एका कचेरीच्या कपाटात ठेवले, कारण माझे काम माणसे ओळखण्याचे होते.

महायुद्ध संपून काही वर्षे झाली होती. उत्तरेकडच्या एका बेटावर हवामान केंद्र होते. तिथे दोघांनी अख्खा हिवाळा काढायचा. सूर्य दिसत नाही, बोट येत नाही. कोण टिकेल हे आधीच ओळखण्यासाठी आस्लाउग मिर्वोल या मानसशास्त्रज्ञ बाईंना नेमले होते. त्यांनी आयलर्ट नावाच्या चित्रकाराकडून मला रेखाटून घेतले. शेगडीपाशी बसलेले दोन पुरुष. त्यातल्या एकाचा चेहरा छान हसरा.

"हसू पुसून टाका," बाई म्हणाल्या.

"अहो, तेवढंच तर जमलंय!"

"म्हणूनच. तो हसला की सगळे एकच गोष्ट सांगतील. मला प्रत्येकाची वेगळी हवीय."

माझे दोन्ही चेहरे धूसर झाले. मग बाईंनी बंदरावरच्या, शाळेतल्या, मासळीबाजारातल्या लोकांना मला दाखवून पाहिले. ज्यांवर सगळे एकच गोष्ट सांगत, अशी माझ्यासोबतची कित्येक चित्रे बाद झाली, मी उरले. मला जरा गर्वच चढला.

उमेदवाराने मला पाहून गोष्ट सांगायची. बाई आणि त्यांचे सहकारी ती वेगवेगळे बसून वाचत आणि गुण देत: जिद्द किती, माणसांची ओढ किती. माग्ने नावाच्या उमेदवाराच्या गोष्टीतले दोघे वादळात अडकतात, तुटलेली तार जोडतात, गाणी म्हणतात. बाई आणि सहकारी, दोघेही खूश झाले. दुसरा उमेदवार इंगवाल मात्र म्हणाला, "दोघं बसलेत. कॉफी व्हायचीय." पुढे बोललाच नाही.

माग्ने पहिला आला, इंगवाल शेवटच्या काहींत. पण निवडलेल्या दुसऱ्या माणसाचा पाय मोडला, म्हणून ऐनवेळी मोकळा असलेल्या इंगवालला पाठवावे लागले.

ऐन हिवाळ्यात माग्नेने अंथरूण धरले. ताप नव्हता, जखम नव्हती, तो उठेचना. वादळाची सूचना पाठवायची त्याची पाळी तशीच राहिली. इंगवालच्या लक्षात आले तेव्हा मासेमारीच्या बोटी समुद्रात होत्या. सगळ्या परतल्या, पण एकीची बाजू फुटलेली होती. पुढे वसंतापर्यंत दोघांचे काम इंगवालने एकट्याने ओढले, आणि माग्नेला चमच्याने सूपही भरवले.

दोघे परतले तेव्हा बाई धक्क्यावर उभ्या होत्या. हे सारे मला नंतर त्यांच्याच तोंडून कळले.

"बाई, गोष्ट झकास होती ना माझी?" माग्नेने विचारले.

"फारच."

"मला रचता येतात. बायको सोडून गेली, रिकाम्या घरात राहवेना, म्हणून बेटावर पळालो. कशाला जातोस, हे तुम्ही विचारलंच नाही."

"खरं सांगितलं असतंस?"

"त्या दिवशी? नसतं सांगितलं. पण कुणीतरी विचारलं होतं, हे तिथं आठवलं असतं."

बाईंनी मला फेकले नाही. त्यांनी जुने सगळे गुण काढले आणि परतलेल्या माणसांशी ताडून पाहिले. मी जितक्यांदा बरोबर होते, जवळपास तितक्यांदाच चूक. बाईंनी तो निकाल जसाच्या तसा वरिष्ठांना कळवला, आणि माझा गर्व उतरला. त्यानंतर केवळ माझ्या गुणांवर कुणाची निवड झाली नाही. आधी निवांत बोलणे, आणि मी शेवटी, बोलायला निमित्त म्हणून. ते बोलण्याचे काम बाईंनी माग्नेला दिले.

मित्रांनो, माझे कोपरे झिजलेत. मला ओल लागू देऊ नका, जपून हाताळा. पण माझ्याकडे पाहून कुणी काय बोलला, एवढ्यावरून त्याला कायमचा जोखू मात्र नका.

परवाच एक तरुण समोर बसला होता. बेटावर का जायचेय, असे विचारताच म्हणाला, "साहसाची आवड आहे."

"माझंही हेच उत्तर तयार होतं," माग्ने म्हणाला, आणि त्याने आपली खुर्ची जवळ ओढली.