इमामचाचांचं लिंपण

चैत्र संपता संपता माझ्या अंगणात चिखल तुडवल्याचा जड, ओला, संथ आवाज उठायचा आणि इमामचाचा आल्याचं मला आतल्या खोलीत कळायचं. लुंगी गुडघ्याच्या वर खोचून, कमरेवर हात ठेवून ते पांढऱ्या मातीच्या आळ्यात गोल गोल फिरत असायचे. सकाळचं कोवळं ऊन त्यांच्या पोटऱ्यांवरच्या चिखलावर चमकायचं. मातीत भुसा, शेण आणि पाणी कालवून ते आठ दिवस आंबू द्यायचे आणि रोज चिमूटभर नाकाशी नेऊन हुंगायचे. त्या वासानं माझं डोकं उठायचं. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र भूक लागल्यासारखा आनंद असे.

निवृत्तीनंतर सोलापूरच्या भवानी पेठेतली भाड्याची खोली सोडून मी एकटीच दुधनीजवळच्या आमच्या शेतात राहायला आले. तिथे कच्च्या विटांचं घर बांधायचं म्हटल्यावर नातेवाइकांनी मला वेड्यात काढलं. हसले नाहीत ते फक्त इमामचाचा. दुधनीचे ते जुने गवंडी. दोन्ही मुलं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर लागलेली, आणि मातीचं काम सांगणारं गावात कुणी उरलेलं नव्हतं. उन्हात वाळलेली पहिली वीट त्यांनी खांद्याच्या उंचीवरून खाली सोडली. ती फुटली नाही, तेव्हा स्वतःशीच मान डोलावून त्यांनी बांधायला घेतलं. दिवसाला हातभर भिंत, त्याहून जास्त नाही. मी घाई केली की ते बिडी पेटवत.

घर उभं राहिलं तेव्हा "झालं एकदाचं" असं मी म्हणाले. त्यांना ते मुळीच पटलं नाही.

"मातीचं घर कवा पुरं होतंय व्हय, बाई? वर्साला हात फिरवावा लागतोय. मी हाय की."

तेव्हापासून दर वर्षी पावसाआधी दहा-बारा दिवस ते येत राहिले. ओल्या मातीवरून त्यांचा तळवा फिरू लागला की भिंतीवर अर्धवर्तुळं उमटत जात, आणि तिरप्या उन्हात ती सगळी भिंत हलल्यासारखी वाटे. त्या दिवसांत माझ्या ओट्यावर चहाचा दुसरा कप निघायचा. उरलेलं वर्ष मी कुणाशी बोलत होते, ते विचारू नका. हल्ली मातीच्या घरांचं कौतुक वाढलंय. पुण्याकडून तरुण मंडळी गाड्या घेऊन येतात, भिंतीला हात लावून डोळे मिटतात, फोटो काढतात. चाचा त्यांना चिखलात उतरायला सांगत, तेव्हा त्यांना अचानक परतीची वेळ आठवे.

मग एका वर्षी चाचांचे गुडघे सुजले. उपचारासाठी ते सोलापूरला मुलाकडे गेले, आणि म्हाताऱ्या माणसाला किती राबवायचं, या कळवळ्यानं मी ठेकेदार बोलावून बाहेरच्या सगळ्या भिंतींना सिमेंटचा गिलावा मारून घेतला. स्वतःच्या शहाणपणावर मी बेहद्द खूश होते.

चाचा परतले ते लंगडतच माझ्याकडे आले. भिंतीवर त्यांनी आधी तळवा टेकला, मग गाल.

"आतली वल आता कुटनं जाईल?" ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "येऊ नगा म्हणायचं हुतं, तर तोंडानं म्हणायचं की."

"तसं नाही चाचा, तुमचे गुडघे..."

"गुडघं माझं हायत. मी कदी बोललो काय?"

चहा न घेता ते निघून गेले. त्या पावसाळ्यात भिंत आतून ओल धरत गेली, फुगली, आणि सिमेंटच्या खपल्या मातीचे लचके घेऊन गळून पडल्या. मला त्यांच्या दारात जायची लाज वाटली. पुढच्या चैत्रात मी रोज अंगण झाडून, पांढऱ्या मातीचा ढीग ओतून बसले. येतील, रागावतील, पण येतील. ते आले नाहीत. मीही गेले नाही.

पाऊस उलटल्यावर शेवटी धीर करून दुधनीला गेले. दारात चाची होत्या. चाचांना जाऊन महिना झाला होता. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं.

"चैतभर तुमच्या सांगाव्याची वाट बगत हुते," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी लुंगी खोचून वसरीला बसायचे. मी म्हनलं, जावा की. तर म्हनले, बाईनं बोलवल्याबिगर कसं जायचं."

आता भिंत मीच लिंपते. माझी अर्धवर्तुळं वेडीवाकडी येतात, वाळली की तडकतात, आणि मी पुन्हा माती कालवते. माणूस गेल्यावर त्याच्या सहवासाचे दिवस आठवावेत, अशी जगाची रीत आहे; माझ्या वाट्याला मात्र तो एकच चैत्र आला आहे, ज्यात कोसभर अंतरावरून आम्ही दोघं एकमेकांची वाट पाहत बसलो होतो आणि दोघांपैकी कुणीच उठलं नाही.