डावा गाल

डॉक्टरांनी सांगितलं, "मधलं जाईल, कडा राहतील." डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय म्हणे. त्यामुळे ज्या गोष्टीकडे सरळ बघावं तीच दिसायची नाही, आजूबाजूचं सगळं दिसत राहील. मी आयुष्यभर रंगाच्या दुकानात रंग मिसळून दिले, नाकासमोर बघून चाललो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि शेवटी नेमकं नाकासमोरचंच गेलं. "आता कानाडोळा करायला शिका," डॉक्टर हसत म्हणाले. म्हणजे मान वळवायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं. डॉक्टरांना विनोद सुचतात, कारण त्यांना समोरच्याचं तोंड दिसतं.

तसं माझं फारसं अडत नाही. कप सापडतो, दार सापडतं, शेजारीण आली की चपलांच्या आवाजावरून कळतं. रंग मात्र पार धुऊन निघालेत. पूर्वी नुसत्या नजरेने सांगायचो, की ह्या निळ्यात दोन थेंब काळा जास्त झालाय. आता निळा आहे की हिरवा, इथूनच सुरुवात. तेही मी चालवून घेतलं असतं.

अडतं ते एका ठिकाणी. बायकोचा एक फोटो आहे माझ्याकडे, तळहाताएवढा, रंगीत. ती गेल्यापासून रोज दुपारी तो घेऊन खिडकीत बसायची मला सवय लागली होती. आता मी तिच्याकडे बघितलं की ती नाहीशी होते. मागची भिंत दिसते, स्वेटरची बाही दिसते आणि तोंड असतं तिथे राखाडी धब्बा. मान वळवून बघावं, तर एवढ्याशा फोटोत सगळं एकात एक कालवलेलं. तिचा चेहरा मी विसरलो, असं नाही. पण आठवणं वेगळं आणि बघणं वेगळं. मला ती बघायची होती.

घरात तिचे फोटो ढिगाने आहेत. पण त्या सगळ्यांत ती उजवीकडूनच आहे. तिच्या डाव्या गालावर जन्मखूण होती, कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, गडद लाल. कॅमेरा दिसला की तिची मान आपोआप वळायची. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती माझ्याकडे बघत नाही, बाजूच्या खांबाकडे बघतेय. लोक मला विचारायचे, "वहिनी रुसल्या होत्या का हो?"

हा एकच फोटो वेगळा. मी शिडीवर चढून घराचं छत रंगवत होतो. खाली ती दारात उभी होती, मागे विटकरी भिंत, अंगात हिरवा स्वेटर. तिच्या भावाने नवीन कॅमेरा आणला होता आणि तो दिसेल त्याचे फोटो काढत सुटला होता. तेवढ्यात माझ्या ब्रशाचा एक थेंब तिच्या चहात पडला. ती गर्रकन वळली, मान वर केली आणि माझ्या नावाने जो उद्धार सुरू केला, त्या तोंडाचा हा फोटो. भुवया वर, तोंड उघडं, डावा गाल पुरा उजेडात. तिने तो फाडायला मागितला. मी म्हटलं, हरवला. शेडकार्डात घालून ठेवला होता दुकानात. शेडकार्डाला ती कधी हात लावायची नाही, म्हणायची, "ह्यातला एक रंग निवडायला सांगाल आणि वर माझा चुकला म्हणाल."

डॉक्टर म्हणाले होते, काळं आणि पांढरं ठळक असेल तर कडेच्या नजरेला सोपं जातं. मी लेकीला सांगितलं. लेक शाळेत मुख्याध्यापिका आहे. तिला काही सांगायचं म्हणजे अर्ज केल्यासारखं वाटतं. तिने फोटो पाहिला, खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिला. मग म्हणाली, "चला, मोठा आणि ब्लॅक अँड व्हाइट करून घेऊ."

कोपऱ्यावरच्या स्टुडिओत एक बाई बसते. वय लेकीएवढंच, जीभ माझ्या बायकोएवढी. फोटो हातात घेऊन म्हणाली, "आजोबा, हा तर पार लाल पडलाय. जुन्या प्रिंटचं असंच होतं, बाकीचे रंग उडतात आणि लाल मागे राहतो."

"मग होईल का नाही?"

"होईल की. पण नुसता रंग काढून टाकला तर धुण्याच्या पाण्यासारखा फोटो येईल. नीट करायचा तर वेळ लागतो. रंगीत फोटोच्या पोटात तीन काळे-पांढरे फोटो असतात. एक लाल, एक हिरवा, एक निळा. कुठला किती घ्यायचा ते बघावं लागतं."

"आणि पिवळा?"

"उजेडात पिवळा वेगळा लागत नाही, आजोबा."

चाळीस वर्षं रंग विकून मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण मिसळण्याचीच गोष्ट आहे म्हटल्यावर मला बरं वाटलं. खुणेबद्दल मी काही बोललो नाही. मला वाटलं, त्यात सांगायचं काय, दिसतेच आहे. फोटोबरोबर तीही लालात बुडून गेली असेल, हे माझ्या डोळ्यांना कळणार कसं? लेकीला दिसत होतं. तीही काही बोलली नाही.

ठरल्या दिवशी गेलो. बाईंनी प्रिंट टेबलावर उभी केली, खिडकीएवढी. लेकीच्या तोंडून श्वास निघाला. "बाबा! आई किती सुंदर दिसतेय!"

मी टेबलाच्या बाजूला उभा राहिलो. मान वळवली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि कोपऱ्यातून फोटोचा अंदाज घेतला. फिकी भिंत. काळा स्वेटर. त्यावर सोललेल्या अंड्यासारखं काहीतरी गुळगुळीत, गोरं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. जत्रेत पोर हरवल्यावर माणूस चेहरे शोधत फिरतो, तसा मी त्या कागदावर फिरलो. कुठेच नव्हती.

"ही कोण?" मी विचारलं.

"बाबा, असं काय करता? आई आहे."

"ही तुझी आई नाही."

बाईंना राग आला, आणि तो येणारच. "आजोबा, मूळ फोटोच आहे, मी एक रेघ इकडची तिकडे केलेली नाही. उलट गालावर मोठा डाग पडला होता, बुरशी लागते तसा. निळ्यात तर काळाकुट्ट दिसत होता. म्हणून सगळा भर लालवर दिला. लालमध्ये लाल डाग पांढरा होऊन जातो, कातडीसुद्धा तुकतुकीत होते. कुणाचे डाग गेले म्हणून आजवर कुणी भांडायला आलेलं नाही."

"तो फोटोचा डाग नाही," मी म्हटलं. "तो तिचा आहे."

बाईंनी प्रिंट पुन्हा जवळून बघितली. मग लेकीकडे बघून म्हणाल्या, "ताई, तुम्ही तरी सांगायचं."

लेकीचा चेहरा मला दिसत नव्हता. आवाज मात्र मुख्याध्यापिकेचा राहिला नव्हता. "मला माहीत होतं. इथे पाऊल टाकल्यापासून माहीत होतं. म्हटलं, निघून जात असेल तर जाऊ दे. बाबा, आईने जन्मभर तो गाल लपवला. शाळेत मुलं मला काय काय म्हणायची, तुम्हाला कधी सांगितलं नाही. एकदा मी आईला म्हटलं, तू शाळेत येऊ नकोस. ती आलीच नाही पुन्हा. माझ्या बक्षिसालासुद्धा नाही. आणि आता तुम्ही तोच गाल खिडकीएवढा करून भिंतीवर टांगणार?"

मला हे खरंच माहीत नव्हतं. बक्षिसाच्या दिवशी ती मला म्हणाली होती, "डोकं दुखतंय, तुम्ही जा." आणि मी शहाणा, गोळी देऊन एकटा गेलो होतो.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मी बसलो. म्हटलं, "हे बघ, लोकांसमोर ती मान वळवायची, कबूल. पण घरात कधी वळवली? जेवताना, भांडताना, तुला कुशीत घेऊन निजवताना? झोप येईना की तू त्याच गालावर बोट फिरवायचीस. कडेकडेने, नकाशा काढावा तसं. ती म्हणायची, ह्या पोरीने माझी सगळी सरहद्द पाठ केलीय."

लेक माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली.

"बाकीच्यांना हवी तशी ती त्यांना दिसू दे. मला कुणाला दाखवायची नाही गं. मला बघायची आहे. मला आता नाक-डोळे लागत नाहीत. कोपऱ्यातून मला नुसतं पांढरं आणि काळं दिसतं. ती खूण असली तर मला ती सापडेल. नसली तर जगातली कुठलीही बाई तिथे आणून उभी करा, मला सारखीच."

एवढं बोलून मला दम लागला. असलं काही मी बायकोसमोर कधी बोललो नव्हतो. बोललो असतो तर तिने ताप बघितला असता.

बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्या बाजूला वळवला. "या, आजोबा. तुम्हीच सांगा. लाल कमी करते, हिरवा वाढवते."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून बसलो. कोपऱ्यात काहीतरी हलायला लागलं. आधी तिच्या मागची भिंत खाली उतरली, काळोखी झाली. मग स्वेटर उजळला. इतका वेळ भिंतीत विरघळलेली चेहऱ्याची कड सुटी झाली.

"अजून," मी म्हटलं. "थोडा थोडा. थेंबाथेंबाने."

"इथे थेंब नसतात."

"असतात. तुमचा हात हळू चालवा, म्हणजे होतात."

त्या हसल्या, हात मात्र हळू झाला. पांढऱ्यात एक सावली धरू लागली, कानाशी, मग खाली. "अजून... अजून एक... नाही, जास्त झाला, काजळी फासल्यासारखं दिसतंय. अर्धा मागे घ्या." आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या भिंतीशी रंग जुळवले, पण थेंब इतके मोजून कधी घातले नव्हते. आणि हात तर माझा नव्हताच.

"थांबा," मी म्हणणार होतो. माझ्याआधी लेक म्हणाली.

"थांबा. बास. अशीच होती."

ती होती. कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, अशी. खूण सापडली तशी तिच्या कडेने मी गेलो आणि पुढे तोंड सापडलं, उघडं, माझा उद्धार करणारं. वर भुवया. काळ्या भिंतीपुढे सगळी ती, जागच्या जागी. मी रडलो, सांगायला लाज कसली. बाईंनी पाणी आणलं आणि म्हणाल्या, "आजोबा, ह्या तर चिडल्यात."

"माझ्यावर," मी म्हटलं. "चहात रंग पडला होता."

पहिली प्रिंट लेकीने घेतली आणि बाहेरच्या खोलीत लावली. मी अडवलं नाही. आलागेला बघतो तिथे तिला ती तशी आवडली असती. दुसऱ्याच दिवशी शेजारीण आली. बायकोबरोबर निम्मं आयुष्य भाजी निवडत बसलेली बाई. फोटोपुढे थांबली आणि म्हणाली, "छान आहे. कोण ही, तुमच्या नात्यातली?" लेक स्वयंपाकघरात होती. तिच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. संध्याकाळी तिने मला सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, त्या दुसऱ्या फोटोची लहान प्रत मिळेल का हो? पाकिटात राहील एवढी?"

दुसरा फोटो माझ्या खोलीत आहे, पलंगाच्या डाव्या हाताला. समोर लावायला लेक खिळा घेऊन आली होती. मी म्हटलं, समोर नको, समोर लावलास तर ती जाईल.

लग्न झाल्यापासून ती एकच गोष्ट सांगत आली. "अहो, असं टक लावून बघू नका माझ्याकडे." मी ऐकलं नाही. ती म्हणायची आणि मी बघायचो, मुद्दाम बघायचो, मग ती पदराने गाल झाकायची आणि हसायची.

आता दुपारी मी खुर्ची ओढून बसतो आणि खिडकीबाहेर बघतो. तिच्याकडे अजिबात बघत नाही. थोडा वेळ जातो, आणि डावीकडून ती येते. चुकून मान वळली की जाते. म्हणून मी वळवत नाही. मानेला रग लागते, चहा गार होतो, लेक दारातून विचारते, "बाबा, बाहेर एवढं काय बघताय?"

मी म्हणतो, "काही नाही," आणि खिडकीकडेच बघत राहतो.