सर्व्हरवरचं कुंकू

आधीच सांगून ठेवते, मला राग लवकर येतो. आई म्हणते, पोरीच्या नाकावरच बसलेला असतो. पण त्या शनिवारी जो आला तो नाकावरचा नव्हता, पार तळपायातून मस्तकात गेला, आणि अजून नीट उतरलेला नाही.

मी उत्कर्षा. भूगावात दादासाहेबांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथं मी नेटवर्कची कामं बघते. माझे वडील मेंढरं राखायचे, मी डिप्लोमा करून वायरी ओढते. कोळवण खोऱ्यात पुण्याच्या लोकांची बावीस बंगल्यांची एक सोसायटी आहे. तिथलं नेट दोन वर्षांपूर्वी मीच बसवलं. सोसायटीच्या ऑफिसात एक काळं खोकं आहे, त्याला सगळे सर्व्हर म्हणतात. बाहेरून आलेलं नेट ते बावीस घरांना वाटतं. फाटक आणि कॅमेरेही त्याच्याच जिवावर चालतात.

सकाळी दादासाहेबांनी फोनवर एक फोटो दाखवला. माझं खोकं, त्यावर हळदीकुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल आणि पसरलेल्या अक्षता. खाली सोसायटीचे सेक्रेटरी किशोर सर यांनी लिहिलं होतं, ‘हे आमचं आयटी डिपार्टमेंट.’ पुढं हसणारी तोंडं. हा फोटो त्यांच्या ग्रुपवर फिरून आमच्यापर्यंत आला होता. दसऱ्याच्या दुपारपासून नेट बंद, जोडून सुट्ट्या, लोक खवळलेले. दादासाहेब म्हणाले, बिघाड तर फोटोतच दिसतोय. पूजेच्या सामानानं मशीन गेलं असं रिपोर्टात लिही, नवीन बसवू असं सांग आणि ये. त्यांनाही तेच पाहिजे, आपलंही एक खोकं खपेल. अहो, डॉक्टर तरी निदान जीभ बघतो. मी म्हटलं, आधी बघते.

ऑफिसच्या पायरीवर चंद्रामावशी बसल्या होत्या. चंद्राबाई. त्या ऑफिस झाडतात, नवरा गेणबा फाटकावर असतो, आणि ऑफिसमागच्या खोलीत दोघं अकरा वर्षं राहतात. रडून डोळे सुजले होते. खंडेनवमीला त्यांनी विळा पुजला, कोयता पुजला, गेणबाची बॅटरी पुजली, आणि दर वर्षीसारखं ऑफिसातलं मशीनही पुजलं. ज्याच्यावर घर चालतं ते हत्यार, मग ते लोखंडाचं असो की वायरींचं. दुसऱ्या दिवशी नेट गेलं. किशोर सरांनी एक कागद लिहून आणला, मावशींनी सही केली, आणि आता दिवाळीच्या आत खोली खाली करायची होती.

मी विचारलं, कागद वाचला होता का. म्हणाल्या, मला नाव लिवण्यापुरतंच येतंय. मी त्यांच्यावरच तडकले. न केलेला गुन्हा कबूल कशाला करायचा?

“अगं पोरी, कुनीतरी व्हय म्हनल्याबिगर ती मान्सं गप बसत न्हाईत,” त्या म्हणाल्या.

मी आत जाऊन खोक्याचं झाकण काढलं.

वायर घालायच्या एका खाचेत तांदळाचा दाणा होता, हळदीनं पिवळा झालेला. बाई गं, म्हटलं, खरंच निघालं की काय. पण ती खाच रिकामी होती, तिच्यात कधी वायर नव्हतीच. चिमट्यानं दाणा काढला. पंखा बघितला, गरगर फिरत होता. मशीन तापलेलं नव्हतं. पॉवरचा अ‍ॅडॅप्टर बदलून बघितला, काही फरक नाही. आणि आतून ते इतकं स्वच्छ होतं, की भूगावातल्या फ्लॅटांमधली खोकी मला आठवली, ज्यांच्यात झुरळं संसार थाटतात. मावशी रोज कोरड्या फडक्यानं पुसायच्या. यंत्र ठणठणीत होतं. वरचं कुंकू मी पुसलं नाही, मुद्दाम तसंच ठेवलं.

म्हणजे गडबड यंत्रात नव्हती, मांडणीत होती. मी लॅपटॉप जोडला आणि दिसलं. नेटला जो फोन जोडला जातो त्याला आत शिरताना एक पत्ता मिळतो. तो पत्ता वाटायचं काम फक्त माझ्या खोक्याचं. आणि माझ्या लॅपटॉपला मिळालेला पत्ता माझ्या खोक्यानं दिलेलाच नव्हता. सोसायटीत कुठंतरी दुसरा डबा पत्ते वाटत बसला होता. एका एसटीत दोन कंडक्टर तिकिटं फाडायला लागले तर जे होईल तेच झालं होतं.

एवढ्यात किशोर सर आले. बाणेरच्या एका कंपनीत मोठे साहेब, सुट्टीला इथं. त्यांनी मला समजावलं की हळदीतून करंट जातो, आणि ते वीस वर्षं आयटीत आहेत. मी म्हटलं, सर, पंधरा मिनिटं द्या. आणि एकेक घराची वायर काढायला लागले. पहिली काढली, तसाच चुकीचा पत्ता. दुसरी, तसाच. असं करत करत चौदाव्या घराची वायर काढली आणि लॅपटॉपला बरोबर पत्ता मिळाला. नेट सुरू. वायर परत घातली, लॅपटॉप पुन्हा जोडला, नेट गेलं. काढली, आलं. त्यांच्या नाकासमोर तीन वेळा करून दाखवलं. कुंकू जिथल्या तिथं.

चौदा नंबर किशोर सरांचाच बंगला.

त्यांच्या हॉलमध्ये गेलो. टीव्हीशेजारी नवाकोरा राउटर, चार शिंगं वर काढलेला. मीटिंगमध्ये आवाज अडकतो म्हणून त्यांनी स्वतः आणून स्वतः जोडला होता, दसऱ्याच्या मुहूर्तावर. भिंतीतून आलेली वायर मागच्या एकाच वेगळ्या रंगाच्या खाचेत घालायची असते. यांनी शेजारच्या खाचेत घातली होती. तेवढंच. वीस वर्षांची आयटी आणि तेवढंच! पण खरं पुढं आहे. त्या राउटरवर कुंकवाचं बोट होतं, आणि वर झेंडूचं फूल.

रेश्माताई, त्यांच्या मिसेस, सरळ मनाच्या. म्हणाल्या, दसऱ्याला नवीन वस्तू आली, पूजा नको का करायला?

माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. तुमच्या डब्यावर कुंकू लागलं तर तो मुहूर्त, आणि चंद्रामावशींच्या हातनं लागलं तर निष्काळजीपणा? यांचं फूल ते फूल, आणि तिचं फूल फोटो काढून बावीस घरांना हसायला? मी दात आवळून वायर बरोबर खाचेत घातली. सगळ्या सोसायटीत नेट सुरू झालं. सरांनी लगेच ग्रुपवर टाकलं, ‘प्रॉब्लेम सॉल्व्ह. थँक्स टीम.’

मी विचारलं, आणि चंद्रामावशी? त्यांचं काय लिहिताय?

ते म्हणाले, कमिटीत ठरून गेलंय, आता परत कुठं उकरून काढायचं. कागद फाईलला लागलाय. आणि तसं बघितलं तर पूजा करायला नकोच होती. हे बोलताना ते फोनवर कुणाचा तरी मेसेज बघत होते.

बरं, म्हटलं, आणि ऑफिसात परत आले.

आता एक सांगते. या सोसायटीत कुणीही नेटला जोडलं की आधी सोसायटीचं एक पान उघडतं. त्यावर नियम असतात, खाली ‘मान्य आहे’ असं बटण. ते दाबल्याशिवाय नेट मिळत नाही. ते पान बनवलं मी, आणि बदलायचा पासवर्डही माझ्याकडेच. मी नियम काढले आणि लिहिलं: ‘दसऱ्यापासून बंद असलेलं नेट बंगला नंबर चौदामध्ये चुकीच्या जोडलेल्या राउटरमुळे बंद होतं. चंद्राबाईंच्या पूजेमुळे नाही. त्यांचा काहीही दोष नाही.’ खाली बटण तेच ठेवलं. मग सगळ्यांचं नेट एकदा तोडलं, म्हणजे परत जोडताना वाचावं लागेल. हे मी करायला नको होतं, मला कळतं. नोकरी जाऊ शकते तेही कळतं. केलं.

लॅपटॉपवर आकडा दिसत होता. पाच मान्य, नऊ मान्य, सतरा. दादासाहेबांचा फोन यायला लागला, मी माझा मोबाईल उलटा करून ठेवला. मावशींना दाखवलं की माणसं काय वाचून बटण दाबतायत. त्यांनी पदर सारखा केला आणि उभ्या राहिल्या.

दहा मिनिटांत किशोर सर तणतणत आले. हातात फाईलमधला तो कागद होता. मागं दोन-तीन घरची माणसं, रेश्माताईही. सरांनी कागद टेबलावर आपटला. घ्या म्हणाले, फाडून टाका, राहा इथंच, झालं समाधान? आणि ते पान आधी काढ.

मी कागदाला हात घालणार तोच मावशींनी तो उचलला. फाडला नाही. सरांच्या पुढं धरला.

“सायेब, म्या सही केली तवा तुमी वाचून दावला न्हवता. आता वाचून दावा.”

सर म्हणाले, आता कशाला, संपला विषय. मावशींनी हात मागं घेतला नाही. रेश्माताई म्हणाल्या, अहो वाचा ना.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. मी, चंद्राबाई, असं लिहून देते, की माझ्या निष्काळजीपणामुळे सोसायटीच्या सर्व्हरचं नुकसान झालं. इथपर्यंत आवाज मोठा होता. मग हळू झाला. यापूर्वीही माझ्या हातून, एवढं वाचलं आणि ते थांबले.

अकरा वर्षांत त्या बाईच्या हातून कपसुद्धा फुटला नव्हता. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

“फुडं वाचा, सायेब,” मावशी म्हणाल्या. “माज्या सहीवर अजून काय काय हाय, ते मला ऐकायचंय.”