आधीच लागलेला फ्लेक्स

हॉकीची फायनल दुपारी होती आणि आष्ट्याच्या स्टँडसमोर विजयाचा फ्लेक्स सकाळीच लागला होता. ‘पेनल्टी कॉर्नरवर निर्णायक गोल करून संघाला अजिंक्यपद मिळवून देणारी आष्ट्याची वाघीण कु. सोनिया हिचे हार्दिक अभिनंदन!’ खाली हात जोडलेले लालासाहेब, म्हणजे सोनियाचे आजोबा. यंदा त्यांना नगरपालिकेला उभं राहायचं होतं आणि मॅच संपेपर्यंतही त्यांना दम निघत नव्हता.

साताऱ्याला निघालेल्या गाडीच्या खिडकीतून मायानं तो वाचला आणि ती खो खो हसली. निर्णायक गोल म्हणे! सेमी फायनलपर्यंत कॉर्नरवरचे सगळे गोल मायाचे होते. आटपाडीच्या बिरदेव मेंढक्याची ही पोर आष्ट्याला मावशीकडं राहायची आणि क्लबच्या मुरमाड ग्राउंडवर उजाडल्यापासून एकच काम करायची. पाय लांब टाकायचा, चेंडू स्टिकच्या वळणात धरून ओढत न्यायचा आणि मनगटाच्या झटक्यासरशी गोलात भिरकावायचा. आज राज्याच्या संघाची निवड करणारे सर मॅच बघायला येणार होते. त्यांना कॉर्नर मारणारी पोरगी हवी होती.

साताऱ्याच्या ग्राउंडवर ती बूट बांधत असताना संघाचे कोच हंबीरराव सर जवळ आले. फौजेच्या संघातून खेळलेला माणूस, एरवी आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. आज पुटपुटले, “माया, आज कॉर्नर सोनिया मारंल. तू मागच्या लायनीवरनं चेंडू ढकल.”

“का, सर?”

“आगं, फ्लेक्स लागलाय न्हवं. गोल तू मारलास तर लालासाहेबांचं हसं हुईल.”

“मग फ्लेक्स उतरवा की!”

“उतरवाय आपून कोन? ग्राउंड त्येंच्यामुळं मिळालंय आपल्याला.”

मायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. छापलेल्या कापडासाठी मॅच खेळायची? आणि तिच्या बापाचं मत आटपाडीत, आष्ट्यात त्याला विचारतो कोण! हातातली स्टिक फेकून सरळ एसटी धरावी असं तिला वाटलं. पण फेकली असती तर तिच्यावर बेशिस्तीचा शिक्का बसला असता, हेही तिला कळत होतं. ती दात ओठ खात मैदानात उतरली.

पहिला कॉर्नर मिळाला तेव्हा ती गोलाच्या बाजूला रेषेवर वाकून उभी राहिली. चेंडू वाकडा ढकलायचा, की संपलंच सोनियाचं वाघीणपण. मनात ते आलं, नाही असं नाही. पण गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, डीच्या टोकाला चेंडू अडवायला संघातली अपेक्षा स्टिक आडवी टाकून बसली होती, आणि अपेक्षाचा काय गुन्हा? मायानं सरळ, जोरात ढकलला. अपेक्षानं जागच्या जागी थांबवला. सोनियानं मारला तो गोलाच्या बाहेर. दुसरा गोलकीपरच्या पायांवर. दरम्यान साताऱ्याच्या पोरींनी एक गोल करून टाकला.

शेवटच्या मिनिटाला तिसरा कॉर्नर मिळाला. सोनिया रडकुंडीला आली होती. “सर, मायाला मारू द्या की!” ती ओरडली. सरांनी हातानंच ‘मार, मार’ केलं. सोनियाचा फटका गोलावरून थेट झाडीत गेला आणि शिट्टी वाजली.

निवडीचे सर खुर्चीवरून उठले. जाता जाता सोनियाकडं बोट करून त्यांनी हंबीररावांना विचारलं, “तुमच्याकडं कॉर्नर मारणारी हीच का?”

माया तिथंच होती. तिनं हंबीररावांच्या तोंडाकडं पाहिलं.

“व्हय,” हंबीरराव म्हणाले.

हरल्याचं गावात कळवायची सरांची छाती झाली नव्हती. त्यामुळं दिवेलागणीला गाडी आष्ट्यात शिरली तेव्हा हलगी कडाडत होती, गुलाल उधळला जात होता आणि लालासाहेब फेटा बांधून फ्लेक्सखाली उभे होते. सोनियाच्या गळ्यात हार पडला. ती काहीतरी सांगत होती, पण हलगीत ऐकतो कोण! मग माईकवाल्यानं हलगी थांबवली आणि “आता संघातल्या पोरींनी दोन शब्द बोलावेत,” म्हणत माईक पुढं केला. सोनियानं तो घेतला आणि मायाच्या हातात दिला.

“आमी हरलोय,” माया म्हणाली.

तिनं फ्लेक्सकडं बोट केलं.

“तीन कॉर्नर मिळालं. तिन्ही सोनियाला माराय लावलं, का तर ह्यो फ्लेक्स आदीच लागला हुता. आन राज्याच्या सरांला आमच्या सरांनी सांगितलं, कॉर्नर मारनारी हीच. मी कोन न्हाईच!”

“ए पोरी, माईक खाली ठेव!” लालासाहेब गरजले. हंबीरराव मान खाली घालून गाडीआड सरकले. सोनियानं हार काढून फ्लेक्सच्या बांबूला अडकवला.

हलगीवाला बिचारा गांगरला. टिपरू हातात धरून तो एकदा लालासाहेबांकडं बघे, एकदा मायाकडं. “मंग आता वाजवायचं का न्हाई?”

“वाजवा की, मामा,” माया माईकवरच म्हणाली. “फ्लेक्स हाय तवर वाजवा.”