दे इकडे

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी मी बाहुल्यांचा वर्ग घेते. माझ्याकडे एकट्याने यायचं नाही. घरातली तीन माणसं, एक बाहुली. एक जण डोकं हलवतो, दुसरा हात, तिसरा पाय. डोकंवाला ठरवतो, बाकीचे त्याच्या मागून. बोलायचं नाही. डोकं जरा झुकलं की गुडघे वाकवायचे, एवढीच खूण. सोपं वाटतं ना? या एकदा घरच्यांना घेऊन, मग बोलू.

यंदा सुताराचं घर आलं. माणूस हाताचा भारी कसबी. बाहुली त्यानेच कोरलेली, म्हातारी, आणि नाक थेट माझं. विचारलं तर म्हणतो, "छे हो मावशी, योगायोग!" बायको बेकरीत कामाला, बोलणं मोजकं. आणि तेरा वर्षांची लेक, जिला मी गोगलगाय म्हणते, कारण ती प्रत्येक गोष्ट सावकाश करते. पण गोगलगाय नि पोटात पाय, हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. तिच्या हातात ते लाकडी डोकं आलं की म्हातारीला खरंच काहीतरी आठवतंय असं वाटायचं. इतक्या वर्षांत अशी पोर मी दुसरी पाहिली नाही.

आणि बाप? पोरीने मान वळवली की याचा हात पुढे. "अगं अशी नाही, दे इकडे." उलट्या बाजूने धरलं, "दे इकडे." घरी म्हणे कंपासपेटी उघडत नसली तरी तेच. वाईट नाही हो माणूस. जीव टाकतो पोरीवर. पण जीव टाकता टाकता तिच्या हातातलं सगळं काढून घेतो, त्याला कोण काय करणार!

एका शनिवारी लोकांसमोर वर्गाचा कार्यक्रम होता; त्याच्या आठवडाभर आधी पोर माझ्याकडे आली. तोंड झाकायची काळी टोपी घडी करून तिने माझ्या टेबलावर ठेवली.

"शनिवारी घालीन. नंतर नको."

"का गं?"

"बाहुली बाबांनी केलीय. चालवतातही तेच. मग माझं काय काम?"

माझं डोकंच फिरलं. मधल्या जादा तालमीला मी त्याच्या बायकोला हातांवर घेतलं आणि सुताराला दंडाला धरून खाली बसवलं. "पायाशी बस. हात वर गेला तर पट्टीने मारीन. वय बघणार नाही."

"अहो मावशी, पण खालून मला काही दिसणार नाही."

"नाहीच दिसणार. ती दाखवेल तेवढंच."

तो बायकोकडे बघायला लागला. ती माऊली गालातल्या गालात हसत होती.

शनिवारी खालचा दिवाणखान्याएवढा हॉल गच्च भरला. खेळ तीन मिनिटांचा. म्हातारी खुर्चीतून उठते, खिडकीशी जाते, कुणालातरी रुमाल हलवून दाखवते, बस. उठली झकास. चालली झकास, सुताराने पाऊल एकदाही चुकवलं नाही. खिडकीशी आली, हात वर झाला, आणि रुमाल सटकला तो थेट सुताराच्या गुडघ्यापाशी.

त्याने नुसता उचलून वर दिला असता तर काम झालं असतं. आणि पोर वर्ग सोडून गेली असती. त्याचा हात पुढे सरकताना मी पाहिला. खरं सांगते, मीही खुर्चीतून अर्धी उठले होते, रुमाल द्यायला! इतरांना शिकवणारी मी, पण खोड तीच.

पोरीने घाई केली नाही. म्हातारीने आधी आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. मग हळूहळू खाली. मग डोकं जरासं झुकलं.

सुताराचा हात तिथेच थांबला. मग मागे गेला. त्याने बाहुलीचे गुडघे वाकवले, इतके हळू की मला माझेच गुडघे दुखल्यासारखे वाटले. आईने तो लाकडी हात खाली नेला, रुमाल उचलला. म्हातारी उभी राहिली, कंबर धरून, जरा चिडलेली. लोक खो खो हसले. मग रुमाल हलला आणि खेळ संपला. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "रुमाल पाडायचं कसं सुचलं हो तुम्हाला?" मी म्हटलं, "अनुभव!"

आमच्याकडे शेवटी टोप्या काढतात आणि डोकंवाला बाकीच्यांची ओळख करून देतो. गोगलगाईने टोपी काढली. घामाने केस चिकटलेले, चेहरा लालबुंद.

"हात, माझी आई. पाय, माझे बाबा."

टाळ्या झाल्या, पण बाबा काही उठेना. बसून बसून त्याच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. एक हात जमिनीला टेकून तो स्वतःच धडपडत होता आणि आपली टोपी काढायचंही विसरला होता.

पोर वाकली. हात पुढे केला.

"बाबा, दे इकडे."

त्याने हात दिला. तिने ओढून त्याला उभा केला आणि त्याची टोपीही तिनेच काढली. माणूस रडत होता, सगळ्यांसमोर, अगदी उघड.

मी टोप्या गोळा करायला पिशवी घेऊन पुढे गेले. आईने दिली, बापाने दिली. पोरीने आपल्या टोपीची घडी केली आणि ती स्वतःच्या खिशात घातली.